कवडूचा डावा हात

६ एप्रिल

आलो एकदाचे नागपूरला. अमरावतीहून निघताना शेजाऱ्यांनी असा निरोप दिला, की जणू मी परत येणारच नाही. त्यातल्या दोघांनी तर माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे फार प्रेमानं पाहिलं. जानेवारीत मेंदूत एक बारीक गुठळी अडकली आणि माझी डावी बाजू संपावर गेली. पाय वाटाघाटीला तयार झाला, काठी घेऊन चालतो. हात मात्र अडून बसलाय. खांद्याला टांगलेल्या पिशवीसारखा सगळीकडे सोबत येतो आणि कशालाही हात लावत नाही.

जीभ शाबूत आहे, लिहिणारा उजवा हातही शाबूत. माझ्या बायकोच्या, दामिनीच्या मते गुठळीची जागा चुकली. इतकी वर्षं वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहितोय. ज्यांची टर उडवली त्यांनी नवस बोलले असणार, पण देवानंही सरकारी पद्धतीनं अर्धंच काम करून फाईल बंद केली.

हे लकव्याच्या रोग्यांचं उपचार केंद्र रामदासपेठेत आहे. आजूबाजूला इतके दवाखाने, की धडधाकट माणसाला रस्ता ओलांडताना अपराधी वाटावं. तिसऱ्या मजल्यावर खोली, दोन खाटा, खिडकीत कूलर, आणि कूलरशेजारच्या फटीतून दिसेल तेवढं नागपूर : एक कडुलिंब, एक फाटक, फाटकाला टेकून पानठेला. ठेलेवाल्याचं नाव कवडू. हे विचारावं लागलं नाही, कारण सगळी इमारत खिडकीतून मान काढून त्यालाच हाका मारत असते.

माझी मागणी एकच आहे : नाडी. पायजम्याची नाडी एका हातानं बांधता येत नाही. दात लावून पाहिले, भिंतीला टेकून पाहिलं. रोज सकाळी दामिनी बांधते आणि मी छताकडे बघत देशाच्या राजकारणावर बोलतो. ती म्हणाली, रबरवाला पायजमा आणते जी. म्हटलं, मग सोबत झबलं-टोपडंही आण. माझी नाडी माझी मला बांधता आली की मी बरा झालो. बाकी डॉक्टरांनी आपापसात ठरवावं.

ही रोजनिशी नवीकोरी. जुनी खोड मात्र आहेच : पानाच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक गोल काढून मध्ये टिंब दिल्याशिवाय माझं पेन पुढं सरकत नाही. शाळेत शाई उतरते का ते बघायचो, तेव्हापासूनची. काढला. सरकलं.

८ एप्रिल

डॉ. गौरांग तरुण आहेत, उत्साही आहेत, आणि रोग्याला समजेल असं बोलतात. डॉक्टरकीत फार पुढं जातील असं वाटत नाही. मेघा नावाची फिजिओथेरपिस्ट आहे. ती मला काका म्हणते आणि माझ्या खांद्याशी दुष्मनासारखी वागते.

यंत्र म्हणजे टिफिनएवढा डबा. त्यातून तारा निघतात, तारांच्या टोकांना चिकट पट्ट्या. पट्ट्या हातावर लावायच्या, डबा मज्जातंतूला बारीक करंट देतो आणि मेंदूला न विचारता स्नायू हलतो. साध्या यंत्रात मनगट उठतं आणि पडतं. नेत्याच्या भाषणात मागच्या रांगेतला माणूस टाळी वाजवतो, तसं. गौरांगांच्या डब्याची तऱ्हा वेगळी. ते आधी एखाद्या चांगल्या हाताचं काम टिपून घेतात, कुठला स्नायू कधी आवळतो, कधी सुटतो ते सगळं, आणि मग तेच माझ्या हातात वाजवतात. गाणं रेकॉर्ड करून लावावं तसं, म्हणाले.

अडचण अशी, की इथले सगळे उजवे. त्यांच्या डाव्या हाताचे नमुने घेतले ते ढिले आले. मग डॉक्टर एकदा खाली उभे असताना त्यांना साक्षात्कार झाला. कवडू डावखुरा आहे.

खर्रा ठाऊक नसलेल्या भाग्यवंतासाठी लिहून ठेवतो : सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचा आणि तळहाताच्या टाचेनं घोट घोट घोटायचा, मग पुडीला दोरा गुंडाळून गाठ मारायची. राज्यात त्यावर बंदी आहे, म्हणूनच तो कुठं मिळतो हे कुणाला विचारावं लागत नाही. दिवसभर हे काम करून कवडूचा डावा हात लोहाराच्या हातासारखा झालाय. डॉक्टरांनी त्याला वर बोलावलं, पट्ट्या लावल्या. त्यानं मूठ उघडली, मिटली, पेला उचलला, चिमूट धरली, दोऱ्याची गाठ मारली. सगळं नीट यावं म्हणून डॉक्टरांनी शेवटी त्याला खर्राही घोटायला लावला, पन्नीत तंबाखूऐवजी चहापत्ती घालून.

आज मला कवडू भेटला. गालात त्याचाच माल. म्हणे, काकाजी, मशीनले माहा हात पसंद पडला. बायको म्हनते, पंधरा वर्साची झाली माही पसंद, तवा कोनी फोटू नाही काढला.

जाता जाता मेघानं माझ्या चांगल्या हातालाही पट्ट्या लावल्या, तुलनेसाठी. काहीतरी लिहा म्हणाली. दोन-चार ओळी खरडल्या. डॉक्टरांनी कागद उचलून अक्षर पाहिलं आणि म्हणाले, सर, असा हात वाया जाता कामा नये. बऱ्याच दिवसांनी कुणी कौतुक केलं. दिवसभर फुगून होतो.

१३ एप्रिल

उचलला! पेला उचलला. आधी अंगावर मुंग्या चढतात तसा करंट चढला, मग बोटं उघडली, पेल्याभोवती गेली, आवळली, आणि पेला तोंडाशी आला. मी काहीही केलं नव्हतं. माझ्याच हातानं मला पाणी पाजलं आणि मी पाहुण्यासारखा प्यालो. दामिनी रडली. मग माझ्या छातीवर पाणी सांडलं म्हणून ओरडली. म्हणजे सगळं ठीक आहे.

शेजारच्या खोलीत नवे गृहस्थ आलेत, मनोहरराव. शहराबाहेर बेसा गावाकडे प्लॉट विकून मोठे झाले. त्यांची उजवी बाजू गेली आहे. दोघं व्हरांड्यात शेजारी बसलो की दोघांत मिळून एक पूर्ण माणूस होतो. सही करता येत नाही याचंच त्यांना दुःख. सहीशिवाय आयुष्यात काही लिहिलं नाही, असं ते अभिमानानं सांगतात. मी त्यांना म्हटलं, बरेच लेखक एवढंही सांगू शकत नाहीत.

१९ एप्रिल

गंमत झाली. सकाळी पोह्यांची पुडी सोडली, प्लास्टिकची पन्नी टेबलावर पडली होती. मी पेपर वाचतोय आणि दामिनी माझ्याकडे टक लावून बघतेय. पाहिलं तर माझा डावा हात पन्नीवर होता आणि घोटत होता. तळहाताची टाच पुढं, मागं, पुढं, आणि मध्येच बोटांनी कडा आत दुमडून पुन्हा सुरू. डबा बंद होता. पट्ट्या नव्हत्या.

आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही मी. आमच्या घराण्यात खर्रा आला तो असा, विजेच्या मार्गानं.

मेघा टाळ्या वाजवत म्हणाली, काका, यालेच तर शिकनं म्हणतात, मशीनशिवाय करून राहिला ना हात! खिडकीतून कवडूला ओरडून सांगितलं. तो हसून हसून ठेल्यावर वाकला. खालूनच ओरडला, चुना जास्त नका टाकू काकाजी, गाल फाटन. सदराला मजकूर मिळाला.

२५ एप्रिल

आज दुपारी लाईन गेली. उन्ह असं, की रस्त्यावर कुत्रंही नाही. मी डब्याला जोडलेला होतो, पेला-चिमूट-गाठ असा रोजचा पाठ चालू. कूलर घरघरत थांबला, डब्याचा हिरवा दिवा विझला, मेघा कुणाला तरी इन्व्हर्टरचं विचारायला बाहेर गेली.

हात थांबला नाही.

मांडीवरच्या टॉवेलवर घोटत राहिला. मी उजव्या हातानं त्याचं मनगट धरलं, तर मनगट माझ्या मुठीत चालू राहिलं, आणि त्याचा जोर माझ्या मुठीपेक्षा जास्त होता. कूलर बंद म्हणून खालचं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं बे, घोट ना. मी काठी घेऊन फटीशी गेलो.

कवडू ठेल्यामागं उभा होता. त्याचा डावा हात पन्नीच्या वर, हवेत, तसाच टांगलेला. तो त्याच्याकडे बघत होता. पन्नी वाऱ्यानं सरकली, चुना-सुपारी सगळं खाली सांडलं. आणि इकडे माझ्या हातानं घोटणं संपवलं, कडा दुमडल्या, आणि दोरा नसताना दोऱ्याची गाठ मारली.

मग लाईन आली. कवडूनं हात झटकला, दुसरी पन्नी घेतली. म्हणजे उन्हाचा झटका. उन्हात माणसाला काय काय होतं.

२८ एप्रिल

नाडी बांधली. माझी मी. दामिनी बाहेर गेली होती. आली तेव्हा मी उभा, कमरेवर हात — दोन्ही हात — आणि पायजमा आपल्या जागी. तिनं गूळ आणून माझ्या तोंडात घातला. मी लहान मुलासारखा दिवसभर गाठ सोडून बांधत होतो.

दामिनीनंच संध्याकाळी दाखवलं, की ही आपली गाठ नाही. आपण सुरगाठ मारतो. ही नाडी बोटाभोवती गुंडाळून टोक आतून खेचलेली. पुडीची गाठ.

म्हटलं, धरून ठेवते ना? मग झालं.

ती म्हणाली, खाली कवडू आज उजव्या हातानं घोटून राहिला होता. त्याचे गिऱ्हाईक कुरकुरत होते. म्हणे, पहिल्यासारखा नाही लागत.

२ मे

आज कवडू वर आला. केस पाण्यानं बसवलेले, तोंडात माल नाही. खुर्चीच्या कडेवर टेकला. मग उजव्या हातानं डावा हात उचलून त्यानं तो मांडीवर ठेवला.

ही हालचाल मी ओळखतो. जानेवारीपासून मी तीच करत होतो.

म्हणाला, काकाजी, तुमी लिहिनारे मानसं, डाक्टर तुमचं आयकते. त्याले म्हना, मशीनमंधून माहा हात पुसून टाक. मी विचारलं, दुखतो का? नाही म्हणाला. दुखत नाही. हात हाय, पन आतमंधी कोनी नाही. इतकं बोलून तो माझ्या डाव्या हाताकडे बघत बसला. हात त्या वेळी गुडघ्यावर स्वस्थ होता, पण अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता, चुना तोलावा तसा. कवडू म्हणाला, हा पाहा. हे मी करतो.

मी म्हटलं, सांगतो डॉक्टरांना. तो जाताना वाकून नमस्कार करायला गेला आणि त्याचे दोन्ही हात जुळले नाहीत.

संध्याकाळी सांगायचीही गरज पडली नाही. डॉ. गौरांग स्वतःच आले. कवडू त्यांनाही भेटला होता, आणि ते खरोखर अस्वस्थ होते. त्याच्या तपासण्या केल्या, काही सापडत नाही म्हणाले. मग मलाच विचारलं : सर, तुमचा अनुभव काय? हा नमुना काही दिवस बंद ठेवून बघू का? मी विचारलं, बंद ठेवला तर माझा हात? म्हणाले, सांगता येत नाही, मागं जाईल. किती मागं? कदाचित पहिल्या दिवसापर्यंत.

मी माझ्या नाडीकडे पाहिलं.

आणि म्हणालो, डॉक्टर, खर्रा खाणाऱ्याचा हात पडला तर त्यात यंत्राचा काय दोष? योगायोग आहे. तंबाखूनं नसा बाद होतात हे पाकिटावर चित्रासकट छापलेलं असतं. त्याला वाचायला वेळ नाही, कारण तो विकत असतो. डॉक्टर हसले. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. पाठ चालू ठेवायचा ठरला.

विनोद नेमका बसला, की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही. माझा सगळा धंदा त्याच्यावर उभा आहे.

दामिनी ऐकत होती. ताट घेऊन ती व्हरांड्यात जेवायला गेली.

६ मे

कवडूची बायको जया आली होती. मला वाटलं भांडायला आली. नाही, ती केंद्रात झाडूपोछ्याचं काम मिळतं का विचारायला आली होती. ठेल्यावर आता तिचा दीर बसतो. दामिनीनं तिला पाणी दिलं. ती पाणी पिऊन निघाली, माझ्या खाटेजवळून गेली, आणि माझ्या डाव्या हातानं तिचा पदर धरला.

खेचला नाही. फक्त टोक चिमटीत घेतलं आणि दोनदा हलकेच हलवलं. सवयीनं.

मी ओरडलो, मी नाही, मी नाही. दामिनी जागची हलली नाही. जया ना रागावली ना दचकली. ती उभी राहिली, हाताकडे बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, घरून निंगताना असंच करते ते. हा ह्यायचा हात हाय वं ताई. मग तिनं दोन्ही हातांनी ते टोक सोडवलं, निजलेल्या पोराच्या मुठीतून सोडवावं तसं, आणि रडत जिना उतरली.

आज सदर लिहायला बसलो. नाही जमलं.

१० मे

मेघाला सांगितलं, माझे करंट बंद. डोकं दुखतं म्हणालो. खरं कारण मेघाला काय सांगणार.

काही फरक नाही. डावा चालूच आहे. टेबल, चादर, माझी मांडी, जे सापडेल ते घोटतो. तळहाताची साल निघाली. कवडूचा पायही ओढतो आता, असं दामिनी म्हणाली. तो ठेल्याशेजारी स्टुलावर बसून असतो. लोक त्याला बघून खर्रा सोडायच्या शपथा घेतात आणि भावाकडून खर्रा घेऊन जातात.

दामिनीनं खाट माझ्या उजव्या बाजूला घेतली. कूलरचं वारं तिकडं येतं म्हणे. येत नाही.

नक्कल वाटली होती. ती बदली निघाली. एकीकडचा माणूस सुटल्याशिवाय दुसरीकडे रुजू होत नाही. एवढं साधं, आणि मला, सरकारी बदल्यांची इतकी वर्षं टर उडवणाऱ्याला —

जाऊ दे.

१४ मे

मनोहररावांचा उजवा हात हलायला लागला. व्हरांड्यात पेढे वाटले. सही करून दाखवतो म्हणाले. मेघानं पेपर पुढं केला, पेन दिलं.

पेन कागदावर टेकलं. सही नाही केली आधी. हात उजव्या कोपऱ्यात गेला. एक बारीक गोल काढला. मध्ये टिंब दिलं. मग खाली आला.

मनोहरराव स्वतःच हसले, हे काय मधेच, म्हणाले.

माझ्या तोंडात पेढा होता. तो मी रुमालात काढून ठेवला.

१५ मे

तुलनेसाठी. पहिल्या आठवड्यात, याच उजव्या हाताला पट्ट्या. असा हात वाया जाता कामा नये. मी दिवसभर फुगून होतो.

आज लिहिताना दोनदा पेन निसटलं. बोटं गार आहेत. मे महिन्यात, नागपुरात, गार.

१७ मे

डॉक्टरांकडे गेलो. काठी उजव्यात धरवेना, डाव्यानं धरली. म्हणजे कवडूनं मला नेलं.

सगळं सांगितलं. दोन्ही नमुने पुसा म्हणालो, कवडूचा आणि माझा. डावा जाऊ दे, नाडी नको, काही नको. त्यांनी शांतपणे ऐकलं. फार भला माणूस आहे. म्हणाले, सर, मेघानं तुमच्या उजव्या हाताचं सांगितलं तेव्हा मीही विचार केला होता, म्हणून मनोहररावांना विचारलं काही दिवस थांबवायचं का. तुम्हाला विचारलं होतं तसंच.

काय म्हणाले ते?

डॉक्टर हसायला लागले. आठवूनच हसले. सांगितलं, मनोहरराव म्हणतात, लिहिणाऱ्याचा हात दुखला तर त्यात यंत्राचा काय दोष? जन्मभर लोकांना टोचत आला, पेन बोथट व्हायचंच.

बसला विनोद. नेमका बसला. डॉक्टर माझ्याकडे बघत थांबले, मीही हसेन म्हणून.

आणि सर, म्हणाले, तेव्हा तुम्हीच तर म्हणालात ना, योगायोग आहे.

१८ मे

घरी चल म्हणालो दामिनीला. गाडी सांगितली, उद्या येते. अमरावतीला गेल्यानं काय होणार, ते तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

मनोहरराव लिहितात. दिवसभर. दार उघडं असतं. सहीशिवाय काही न लिहिलेला माणूस. मला बोलावून वाचून दाखवलं. ठेलेवाल्याच्या हातावरचं. आमच्या घराण्यात खर्रा आला तो विजेच्या मार्गानं —

ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, सदरातही घातलं नव्हतं. इथंच लिहिलं होतं. ही वही माझ्या उशीखाली असते.

मेघा पोट धरून हसत होती. मी पण हसायला गेलो. मला कळेना त्यात हसण्यासारखं काय आहे.

काही सुचत नाही. सकाळपासून एकही — चेष्टेनं काही बोलायला जावं तर नुसतं वाक्य निघतं. पाणी दे. उन्ह आहे. ते डोक्यात असतं असं वाटायचं. ते हातात होतं की काय.

१९ मे

कोपऱ्यातला गोल निघाला नाही. तसाच सुरू करतो.

सकाळी दामिनीनं नाडी बांधली. सुरगाठ. डावा लगेच सोडायला गेला, तिनं त्याच्यावर हात ठेवला. म्हणाली, राहू दे ना गा कवडूभाऊ. तो थांबला. तिचं ऐकतो.

खाली कवडू स्टुलावर. मी फटीतून पाहिलं. त्यानं वर पाहिलं. मी डावा हात वर केला — मी नाही, त्यानंच — आणि कवडू स्वतःच्याच हाताला बघून रडला.

गाडी दुपारी. अजून आली नाही.

शेजारी पेन चाललंय. ऐकू येतं. माझ्याच वेगानं. मी थांबतो तेव्हा ते —

दामिनी, हे तुझ्यासाठी. मला लिहिता येतंय तोवर. मी तेव्हा डॉक्टरांना हो म्हटलं असतं तर कवडू — एवढंच झालं असतं, की नाडी तू — रोज तू बांधली असतीस. एवढंच. मी ते —

अक्षर बघ. माझं नाही वाटत.

शेजारचा तो जे लिहील, सदरात छापून येईल, लोक हसतील. ते माझं आहे. पण त्यातलं खरं त्याला ठाऊक नाही, ते असं, की

डावा पानावर आला. घोटतोय. उजव्यानं धरवत नाही. शाई ओली आहे, सगळं फासलं जा —

कवडू, थांब गा. एवढं एक वाक्य. एवढं एकच —